कर्जतचा कंत्राटदार, कडुगन्नावाचा घाट

रंबुक्कना सुटलं आणि गाडीचा आवाज जड झाला. डब्यातल्या बाकीच्यांना काही जाणवलं नसेल. समोरचा जर्मन मुलगा फोनमध्ये होता, पलीकडच्या आजीबाई केळीच्या पानातून भात काढत होत्या. पण मी कर्जतची. रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, आणि अप्पा घाटात बँकरवर, म्हणजे गाडीला मागून रेटणाऱ्या इंजिनावर, ड्रायव्हर. सपाटीवरची गाडी आणि चढाला लागलेली गाडी यांच्या आवाजातला फरक आम्हा पोरांना शाळेच्या घंटेइतका ठाऊक. इथून घाट सुरू होतोय, हे मला नकाशा न बघता कळलं.

फेब्रुवारी २०१८. पहाटे सहाला पाच कमी असताना कोलंबो फोर्टहून सुटलेली ही 'पोडी मेणिके'. श्रीलंकेत गाड्यांची नावं बायकांची असतात. पोडी मेणिके म्हणजे धाकटी मेणिके, डोंगरात जाणारी. तिची थोरली बहीण 'उडरट मेणिके'. दक्षिणेला 'रुहुणू कुमारी', उत्तरेला 'याळ देवी'. ही नावं पडली १९५५-५६च्या सुमारास, बी. डी. रामपाला हे रेल्वेचे जनरल मॅनेजर असताना. आपल्याकडे 'डेक्कन क्वीन' एकटीच राणी. इथे सगळा गोतावळा आहे.

मी इथे डोंगर बघायला आले नव्हते, हे आधी सांगून टाकते. मी एका कंत्राटदाराच्या मागावर आले होते.

बोरीबंदर ते ठाणे हा १८५३चा आपला पहिला लोहमार्ग बांधायचं कंत्राट फेव्हिएल आणि फाउलर या जोडीकडे होतं. त्यातल्या विल्यम फेव्हिएलला पुढे बोरघाटाचं काम मिळालं. १८५६च्या सुरुवातीला कुदळ पडली, आणि तीन वर्षांत गाडं अडलं. जानेवारी १८५९ मध्ये कर्जतला मजूर उठले. पगार थकले होते. दंगल झाली, चौकशी बसली आणि फेव्हिएलने कंत्राट सोडलं. ते सॉलोमन ट्रेडवेलने घेतलं. तो भारतात उतरल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, ते काम तडीला नेलं. १८६३ साली घाटातून गाडी गेली. त्या कामात गेलेल्या माणसांचा अंदाज चोवीस-पंचवीस हजारांच्या घरात सांगितला जातो. पटकी, ताप, सुरुंग, घसरलेले कडे.

यातलं काहीही मला कर्जतच्या शाळेत शिकवलं नाही. शाळेच्या खिडकीतून घाट दिसायचा, आणि पुस्तकात मात्र जॉर्ज स्टीफन्सन. दंगल झाली ती आमच्याच गावात, हे मी पन्नाशीला आल्यावर वाचलं. आणि त्याच पुस्तकाच्या तळटीपेत होतं की बोरघाटातून हात झटकलेला फेव्हिएल पुढे सिलोनला गेला आणि तिथे त्याने कोलंबो-कँडी लोहमार्ग पुरा केला. म्हणजे हाही घाटाचाच मार्ग. मग मला राहवेना. आमच्याकडे ज्याला जमलं नाही त्याला तिकडे कसं जमलं?

आता गाडी कड्याच्या अंगाला चिकटून चालली होती. उजवीकडे दरी एकदम उघडली. तळाशी हिरवी शेतं आणि पलीकडे सपाट माथ्याचा एक प्रचंड खडक. इंग्रजांनी त्याला बायबल रॉक म्हटलं, सिंहली लोक बतलेगल म्हणतात. मला विचाराल तर हा सरळसरळ आपल्याकडचा किल्ला. वर फक्त तटबंदी आणि एखादं टाकं हवं. खंडाळ्याला उल्हासची दरी उघडते तसाच हा क्षण. फक्त आपल्याकडे उन्हाळ्यात डोंगर करपतो, इथला डोंगर करपणं जाणतच नाही. मध्येच एका ठिकाणी रूळ कड्यात कोरलेल्या खाचेतून जातात. खिडकीखाली जमीनच नाही. या जागेचं इंग्रजी नाव 'सेन्सेशन रॉक'. जर्मन मुलाने तेव्हा पहिल्यांदा फोन खाली ठेवला.

"वडे, वडे, वडे, वडे!"

मी दचकलेच. दारातून एक पोरगा टोपली डोक्यावर घेऊन आत आला. टोपलीत डाळीचे चपटे वडे आणि काहींवर अख्खी कोळंबी बसवलेली. इस्सो वडे. सोबत सुक्या लाल मिरच्या, कागद मात्र कुणाच्या तरी गणिताच्या वहीचा. घाट, गाडी आणि वडा हे त्रिकूट कर्जतबाहेर कुठे भेटेल असं मला वाटलं नव्हतं. "हतर," मी चार बोटं दाखवत म्हटलं. सिंहलीतले आकडे मी आदल्या रात्री घोकले होते. घोकायला फारसं लागलंच नाही. एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नवय, दहय. सातचा सोडून बाकी सगळे आपलेच कुणी चुलत असावेत, आणि सातचाही 'स' इथे 'ह' झालाय एवढंच. पोरगा हसला, "हरि, अक्के," म्हणाला आणि पाचवा वडा फुकट टाकून गेला. अक्का हा शब्दही इथे थोरल्या बहिणीलाच.

कँडीला पोचल्यावर अप्पांना फोन लावला. ते पंच्याऐंशीचे, कानाने कमी, पण रेल्वेचा विषय निघाला की सगळं ऐकू येतं.

"ग्रेड किती?" त्यांचा पहिला प्रश्न.

"पंचेचाळिसाला एक."

"आपला सदतिसाला एक." त्यांचा आवाज खुलला. "बँकर लावतात का?"

"वाफेच्या दिवसांत रंबुक्कनाला मागून इंजिन लावायचे."

"म्हणजे ते त्यांचं कर्जत," अप्पा म्हणाले. त्यांच्या दृष्टीने श्रीलंका समजून घेण्याचं काम इथे संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी बसने परत घाटमाथ्यावर, कडुगन्नावाला गेले. स्टेशनाला लागूनच रेल्वेचं संग्रहालय आहे, रेल्वेला दीडशे वर्षं झाली तेव्हा, डिसेंबर २०१४ मध्ये उघडलेलं. जुनी इंजिनं, हाताने दाबायची ट्रॉली, टॅब्लेटची यंत्रं, कंदील. रस्त्याच्या कडेला एक उंच पांढरा मनोरा आहे, तो कॅप्टन डॉसनचा. रेल्वेच्या चाळीसएक वर्षं आधी इंग्रजांनी कँडीचा रस्ता काढला तो त्याच्या देखरेखीखाली. १८१५ साली कँडीचं राज्य पडलं. आणि डोंगराला भोक पडेल तेव्हा कँडी पडेल, असं एक भाकीत लोकांत सांगितलं जातं. डॉसनच्या रस्त्यावर खडक पोखरून काढलेली कमान अजून उभी आहे. भाकिताचा क्रम थोडा चुकला, राज्य आधी पडलं आणि भोक नंतर. पण भाकितं अशीच मागाहून सुधारून घ्यायची असतात.

संग्रहालयात एक नाव वाचून मी थबकले: मोल्सवर्थ. मराठी माणसाला मोल्सवर्थ म्हणजे शब्दकोश. हा मात्र वेगळा, गिलफर्ड मोल्सवर्थ, सिलोनच्या रेल्वेचा मुख्य इंजिनिअर, जो पुढे हिंदुस्थान सरकारचा सल्लागार झाला. फेव्हिएलच्या कामावर नजर याची होती. आणि इथे मला माझ्या प्रश्नाचं थोडं उत्तर सापडू लागलं.

सिलोनची रेल्वे सुरुवातीला एका खाजगी कंपनीकडे होती. १८४५ साली ती स्थापन झाली, वर्षानुवर्षं खर्चाचे आकडे फुगत गेले, रूळ काही पडेनात. शेवटी १८६१ साली सरकारने प्रकल्प आपल्या हातात घेतला, आणि मग कंत्राटदार आला फेव्हिएल. २७ डिसेंबर १८६४ला कोलंबोहून अंबेपुस्सापर्यंत पहिली गाडी धावली, ५४ किलोमीटर. आणि १८६७ मध्ये कँडी. बोरघाटात सात वर्षं गेली, इथे अवघी चार. आता, घाट तुलनेने सोपा होता हे खरंच. बोरघाटात पंचवीस बोगदे खणावे लागले. पण माझा अंदाज असा की फरक पैशाच्या वाटेचा होता. इथे घाटाच्या माथ्यावर मळेवाले बसले होते, त्यांना कोलंबोच्या बंदरात कॉफी लवकर पोचवायची होती, आणि त्या कॉफीच्या निर्यातीवरच्या करातून रेल्वेला पैसा येत होता. ज्याला घाई, त्याच्याच खिशातून पैसा. कर्जतच्या मजुराचा पगार थकला तेव्हा त्याची कुणाला घाई नव्हती.

कँडीचा मार्ग कॉफीसाठी बांधला गेला आणि गाडी कँडीला पोचली त्याच वर्षी, १८६७ मध्ये, तिथून जवळच लूलेकोंदेरा नावाच्या मळ्यात जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने एकोणीस एकरांत चहा लावला. दोन वर्षांनी कॉफीच्या पानांवर नारिंगी भुकटी दिसू लागली. तांबेरा. १८८०च्या दशकापर्यंत सिलोनची कॉफी मेली. रूळ मात्र वाया गेले नाहीत. ते चहामागून चढत राहिले: १८७४ नावलपिटिया, १८८५ नानू ओया, १८९४ बंडारवेल, आणि बदुल्ल थेट १९२४. तीस वर्षं शेवटच्या तुकड्याला लागली. म्हणजे आज ज्या गाडीत बसून जगभरचे लोक दारात लटकून फोटो काढतात तिचा मार्ग कॉफीने आखला, चहाने पुरा केला आणि त्यातून आता पर्यटक वाहतात.

कँडीहून मी पुन्हा गाडी धरली आणि नानू ओयाच्या पुढे दारात उभी राहिले. दारं इथे कुणी लावत नाही. चहाचे मळे अगदी रुळांपर्यंत आले होते. पाठीवर पाटी, कपाळावरून पट्टा, अशा बायका एका रांगेत पानं खुडत होत्या. या बायकांचे पणजोबा तामिळ मुलखातून आले. रेल्वेच्या आधी ते मन्नारच्या किनाऱ्यावर होडीतून उतरून रानातून मातलेच्या दिशेने पायी यायचे, आणि त्या वाटेवर किती मेले याची नोंद कुणी नीट ठेवली नाही. त्यांना आणणारा आणि पुढे त्यांच्यावर देखरेख करणारा जो माणूस असे त्याला कंगाणी म्हणत. आपल्याकडचा मुकादम. त्या बायकांतल्या एकीने गाडीला हात केला. डब्यातल्या सगळ्या परदेशी लोकांनी हात हलवले. मीही हलवला, आणि मला ओशाळल्यासारखं झालं. का, ते मी तेव्हा स्वतःला नीट सांगू शकले नाही.

पट्टिपोलाला धुकं इतकं होतं की फलाटाची दुसरी बाजू दिसेना. पुढे रुळांच्या कडेला एक पाटी येते: शिखर, ६,२२६ फूट. मी मनातल्या मनात हिशोब केला. एक हजार आठशे अठ्ठ्याण्णव मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यावर अडीचशे मीटर आणखी चढायचं, आणि तिथे मुंबईच्या लोकलइतक्याच रुंद रुळांवर गाडी. श्रीलंकेची रेल्वेही आपल्यासारखी साडेपाच फुटी ब्रॉडगेज. पाटीनंतर बोगदा आला. बोगद्यात शिरताना धुकं आणि बाहेर पडताना लख्ख ऊन. डब्यात सगळे एकदम "ओ!" करून ओरडले. डोंगराच्या अलीकडे नैर्ऋत्य मोसमी पावसाचा मुलूख, पलीकडे ऊवा प्रांताचा कोरडा. त्या बोगद्याने तो डोंगराचा बांध मधोमध पोखरलाय.

एल्लाच्या नऊ कमानींच्या पुलावर मी फार लिहीत नाही, त्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. १९२१ साली दगड, विटा आणि सिमेंटमध्ये बांधलेला, लोखंड न वापरता. लोखंड महायुद्धाकडे वळलं म्हणून असं करावं लागलं, ही कथा गाईड सांगतात. मला खरा आनंद झाला तो त्याच्या पुढच्या दमोदराला. स्टेशनातून गाडी सुटते, डोंगराला मोठा वळसा घालते, उतरत उतरत परत येते, आणि तुम्ही आत्ता ज्या स्टेशनावर उभे होता त्याच्याच खालच्या बोगद्यात शिरते. इंजिनिअरांना उतार कसा साधावा सुचेना, तेव्हा एका कंगाणीला डोक्याचं मुंडासं सोडून पुन्हा गुंडाळताना पाहून ही युक्ती सुचली, असं सांगतात. खरं असो नसो, गुंडाळलेल्या मुंडाशाची ही कल्पना फेट्याच्या मुलखातल्या माणसाला लगेच पटते.

दमोदराला स्टेशन मास्तरांनी ड्रायव्हरच्या हातात एक कडं दिलं. वेताचं मोठं कडं, त्याला चामड्याची पिशवी, पिशवीत पितळी चकती. टॅब्लेट. ती चकती हातात असेपर्यंत पुढच्या एकेरी मार्गावर दुसरी गाडी येऊ शकत नाही. अप्पा तरुणपणी दौंड-मनमाडला होते, तिथे याच कामाला लोखंडी गोळा असे. "गोळा मिळाला?" हा त्या काळी ड्रायव्हरचा प्रश्न. पुढे अप्पा ड्युटीवर निघाले की आईसुद्धा डबा देताना म्हणायची, "हा घ्या गोळा." मी फोटो काढला. मास्तरांनी मिशीवर बोट फिरवून पोझ दिली.

परतीला किनारपट्टीची गाडी धरली, कोलंबोहून मातरकडे. दक्षिणेचा हा मार्ग समुद्राला इतका खेटून जातो की भरतीला रुळांवर तुषार येतात. हिक्कडुवाच्या अलीकडे पेरलियाला उतरले. २६ डिसेंबर २००४ला, पौर्णिमेच्या सुट्टीच्या दिवशी, इथे मातरकडे जाणारी गाडी त्सुनामीच्या पहिल्या लाटेने थांबली. आसपासची माणसं आडोसा म्हणून गाडीत चढली, डब्यांच्या मागे उभी राहिली. मग दुसरी लाट आली. सतराशेच्या आसपास माणसं गेली. रेल्वेच्या इतिहासात याहून मोठा अपघात नाही. ज्या इंजिनाने ती गाडी ओढली होती, क्रमांक ५९१, कॅनडाने दिलेलं, नाव 'मॅनिटोबा', ते दुरुस्त करून पुन्हा सेवेत घेतलं. मार्ग दोन महिन्यांत पुन्हा सुरू केला. मी रुळांच्या कडेला बसले. बाजूच्या घरातून कुणी तरी रेडिओ लावला होता. गाडी गेली, आणि रुळांवरचे तीन कावळे उडून परत तिथेच बसले.

उत्तरेचा मार्ग याहून निराळा. पोलगहवेलाला मुख्य मार्ग सोडला की सपाट रान, तळी, वाळलेलं गवत. १९०५ साली गाडी याळपाणम, म्हणजे जाफना, ओलांडून कंकेसन्तुरैपर्यंत गेली, आणि जून १९९० मध्ये युद्धाने ती थांबवली. रूळ उखडून खंदकांना वापरले, स्लीपर चुलीत गेले. इरकॉन या भारतीय सरकारी कंपनीने हा मार्ग पुन्हा बांधला, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये याळ देवी चोवीस वर्षांनी जाफन्यात शिरली. नव्या काँक्रीट स्लीपरवरून गाडी इतकी सुरळीत चालते की कंटाळा येतो. जुन्या रुळांचा खडखडाट डोंगरात, नवे रूळ युद्धाच्या मुलखात.

मी जाफन्याला गेले नाही. मेदवच्चियाला फाटा घेऊन तलैमन्नारची गाडी धरली, कारण मला मार्ग संपतो ती जागा बघायची होती. मन्नारच्या पुलावरून गाडी गेली. दोन्ही बाजूला उथळ खारट पाणी आणि रस्त्यावर मोकाट गाढवं. समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, तामिळ, हॅटनजवळच्या मळ्यातले. इंग्रजीत बोलत होते.

"माझी आजी या वाटेने आली," ते म्हणाले, "बोट मेलने. आणि माझा काका याच वाटेने गेला. एकोणीसशे सत्तरमध्ये. जन्म हॅटनचा, पण कागदावर तो भारताचा निघाला."

१९४८च्या नागरिकत्व कायद्याने मळ्यातले लाखो तामिळ लोक कुठल्याच देशाचे उरले नाहीत. ऑक्टोबर १९६४ मध्ये सिरिमाओ बंडारनायके आणि लालबहादूर शास्त्री यांच्यात करार झाला आणि पाच लाखांहून जास्त माणसं भारताच्या वाट्याला आली. वाटणीच ती. पणजोबा रानातून चालत आले, पणतू गाडीत बसून परत निघाला, आणि तो 'गावी' उतरल्यावर गावात त्याला कुणी ओळखलं नाही.

बोट मेल म्हणजे १९१४चा थाट. त्या वर्षी पांबनचा पूल सुरू झाला आणि इकडे तलैमन्नारची लाइन. मद्रासच्या एग्मोरला तिकीट काढायचं, धनुष्कोडीला गाडीतून उतरून बोटीत बसायचं, तीसेक किलोमीटर पाणी, पुन्हा गाडी, आणि कोलंबो. एकाच तिकिटावर. मग २२ डिसेंबर १९६४च्या रात्री वादळ आलं. पांबनहून धनुष्कोडीला निघालेली पॅसेंजर गाडी समुद्राने गिळली. शंभरावर माणसं गेली. धनुष्कोडी गाव पुन्हा उभं राहिलं नाही. नंतर बोट रामेश्वरमहून काही वर्षं चालली आणि १९८०च्या दशकात युद्धाने तीही बंद पडली. इकडे तलैमन्नारची लाइन २०१५ साली पुन्हा जिवंत झाली. पलीकडे धनुष्कोडीला अजून रूळ नाहीत.

तलैमन्नार स्टेशन नवं, स्वच्छ, रिकामं. उतरलेले आम्ही दहा-बारा. म्हातारे गृहस्थ छत्री उघडून गावाकडे गेले. मी रुळांच्या कडेने चालत राहिले. वाळू, बाभळी, मासे वाळत घातलेले. पलीकडे जुना धक्का, लाकडी खांब पाण्यात उभे, वर काहीच नाही. त्यापलीकडे पाणी, आणि पाण्याच्या पलीकडे, दिसत नसलं तरी, भारत.

परतीचं तिकीट काढलं. खिडकीतल्या माणसाने पुठ्ठ्याचं छोटं तिकीट काढलं, लोखंडी यंत्रात सरकवून खट् करून तारीख उमटवली. कर्जतच्या बुकिंग ऑफिसातला हा आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला. "रामेश्वरमचं नाही का?" मी गमतीने विचारलं. तो हसला नाही. "ते तुमच्या बाजूने विचारा," म्हणाला.

फलाटावर बसून अप्पांना फोन केला.

"कुठे आहेस?"

"तलैमन्नार. लाइन इथे संपते. पुढे समुद्र."

पलीकडे थोडा वेळ काही नाही. मला वाटलं, ऐकू आलं नसेल.

"डेड एंड नीट बांधलाय ना?" अप्पांनी विचारलं.

मी उठून बघून आले. "बांधलाय."

"वाळूचा ढीग आहे मागे?"

"अप्पा, मागे सगळी वाळूच आहे."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "जेवलीस का?"